बाबांची मशीन आणि वहिनीचा कान

मी सरळच लिहिते. वहिनीशी माझं भांडण नव्हतं, आजही नाही. मला तिचा मत्सर वाटायचा. आणि तो कशावरून, तर झाडं कापायच्या एका जुन्या चेनसॉवरून. झाडं वाचवा म्हणून घसा सुकेपर्यंत घोषणा देणाऱ्या मुलीनं हे लिहावं, यातली गंमत मला कळते. पण पत्रकं लिहिता लिहिता आम्ही एक गोष्ट शिकलो: पहिल्या चार ओळींत मुद्दा आला नाही तर माणूस कागद चुरगाळून गटारात टाकतो. तर मुद्दा हा. त्या मशीनला हात लावायची मुभा मला जन्मात मिळाली नव्हती. वहिनीला ती घरात येऊन वर्ष व्हायच्या आत मिळाली.

बाबा लकडगंजात लाकूड चिरायच्या एका आरामशीनवर कामाला होते. मालकानं धंदा शहराबाहेर नेला तेव्हा निघताना कामगारांपैकी ज्याला जे उचलता आलं ते त्यानं उचललं. बाबांनी ही चेनसॉ आणली. तेव्हाच ती जुनी होती. केशरी रंग उडून पांढुरका झालेला, कंपनीचं नाव घासून गेलेलं, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. त्यानंतर बाबांचं पोट त्या मशीनवर चाललं. वादळात फांदी पडली, गेट अडलं, गाडीवर झाड आलं, की धरमपेठेतल्या बंगल्यांतून फोन यायचा आणि बाबा स्कूटरच्या पायदानावर मशीन ठेवून निघायचे.

लहानपणी मी हट्ट करायचे, मला दोरी ओढू द्या. बाबा म्हणायचे, "दूर हो वं, बोटं जातीन." मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसायचे. तिथून मशीन दिसायची नाही, बाबांची पाठ दिसायची. कॉलेजात गेल्यावर मी झाडं वाचवणाऱ्या पोरापोरींच्या गटात शिरले आणि त्या मशीनला हात न लावणं हे माझं तत्त्व झालं. हात लावू दिला नाही म्हणून हिनं तत्त्व केलं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

घरात मग रोजची चकमक.

"उभ्या झाडाले मी हात लावत नाही," बाबा म्हणायचे. "पडलेलं कापतो."

"पडलेलं पडलेलं म्हणता म्हणता उभ्याला हात लागतो, बाबा. सगळे ठेकेदार असंच सुरू करतात."

"मी ठेकेदार आहो का वं?"

"नाही. पण मशीन तीच आहे."

"मशीन मायी आहे. अन् तू मले पत्रक नको वाचून दाखवू, जेवाले वाढ."

एकदा माझ्या पलंगाखालच्या गठ्ठ्यातली पत्रकं त्यांनी मशीनची, चेन जिच्यावरून फिरते ती लोखंडी पट्टी पुसायला घेतली. 'एक झाड, एक श्वास' या ओळीवर काळं तेल. मी आकांडतांडव केलं. बाबा शांतपणे म्हणाले, "कागद चांगला आहे तुया. तेल लवकर पेते." मला राग आला होता, पण एक सांगते, तेव्हा त्यांचं भांडायचं माणूस तरी मी होते.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. दादा बुटीबोरीला कारखान्यात शिफ्टवर, त्यामुळे दिवसभर घरात बाबा, वहिनी आणि येऊनजाऊन मी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनी उमरेडकडची. तिच्या वडिलांची डिझेल इंजिनावर चालणारी पिठाची चक्की होती आणि ती त्या धडधडीतच वाढली. आली तेव्हा मला ती आवडली होती. मोठ्यानं हसायची, भांडी आपटायची, मला 'ताई' म्हणायची आणि माझं पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

बिघडलं ते एका सकाळी. बाबा अंगणात दोरी ओढत होते. मशीन दोनदा खोकायची आणि गप्प व्हायची. पेट्रोलचा वास घरभर. वहिनी आत कणीक मळत होती. तिथूनच ओरडली, "बाबा, चोक बंद आहे ना तुमचा? उघडा. जास्त पिऊन राहिली ते."

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. चोक उघडला. ओढली दोरी. मशीन लागली. आणि बाबा हसले. तोंड उघडून, मान मागे टाकून हसले. ते हसू मी पाहिलेलं नव्हतं. माझ्या सभेला एकदा आले होते तेव्हा ते शेवटच्या रांगेत बसून घोरले होते.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर एकाऐवजी दोन पोती अंथरलेली होती.

तेव्हापासून रविवार त्यांचे. एका पोत्यावर बाबा, एका पोत्यावर वहिनी, मधे मशीन. चेन उतरवायची, कानस घेऊन एकेक दात घासायचा, एअर फिल्टर झटकायचा. बाबा तिला म्हणायचे, "बेटा, ऐक बरं, आवाज बदलला का?" ती मान वाकडी करून ऐकायची. मला ते काय म्हणतात? 'अवं'. चांगले शब्द संपल्यासारखं 'अवं'. मी गेटातून आत येताना बॅनरची गुंडाळी काखेत धरून त्यांच्या मधून जायचे, मुद्दाम. दोघंही पाय आखडून घ्यायचे आणि बोलणं चालू ठेवायचे.

दसऱ्याला वहिनीनं मशीनची पूजा केली. आमच्याकडे हे कधी नव्हतं. बाबांना देवाधर्माचं कौतुक नाही. पण तिच्या माहेरी चक्कीला दसऱ्याला तेलात कालवलेला शेंदूर लागायचा, हार पडायचा, त्या दिवशी इंजिन बंद. तिनं मशीन पाटावर ठेवली, पुढे आपट्याचं पान ठेवलं आणि अंगठ्यानं शेंदराचे टिळे लावले. मुठीला, पट्टीला, टाकीला. हात सढळ तिचा.

मला राहवलं नाही म्हणून बोललेच. "वहिनी, हे यंत्र आहे. याला तेल लागतं, शेंदूर लागत नाही. ज्याच्यावर घाम गाळायचा त्याला देव करून ठेवलं की प्रश्न विचारायची सोय राहत नाही."

"तेलातलाच शेंदूर आहे, ताई," ती म्हणाली. "दोन्ही झालं."

मी आणखी बोलणार होते. बाबा म्हणाले, "राहू दे न वं. तुया भाषणानं मशीन सुरू होते का?"

मी चप्पल घालून बाहेर गेले. लोक सोनं वाटत होते. मी कोणाला दिलं नाही.

दिवाळीनंतर मशीन बंद पडायला लागली. लागायची चांगली, थोडा वेळ चालायची, मग आवाज पातळ व्हायचा, किंचाळल्यासारखा, आणि ऐन कापणीत गप्प. जरा थांबलं की पुन्हा लागायची. पुन्हा तेच. सांगून टाकते, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, मोडली तर मोडली, ओटा मोकळा होईल. पण झालं उलटं. बिघडलेल्या मशीननं त्यांची गट्टी आणखी घट्ट केली. आता फक्त रविवार नाही, रोज संध्याकाळी पोती पडायला लागली. प्लग काढून बघ, कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरव, टाकीतली गाळणी तारेनं ओढून धू. प्लग बदलायचा म्हणून दोघं स्कूटरवर इतवारीत गेले. येताना पोहे खाऊन आले आणि माझ्यासाठी पुडा आणला. पोहे गार झाले होते. मी ते मांजरासमोर ठेवले. मांजरानंही खाल्ले नाहीत.

आणि मग चैत्रात ते वादळ आलं.

दुपारी आभाळ काळं झालं, गारा पडल्या, पत्रे उडाले. आमच्या गल्लीच्या वळणावर जुना कडुनिंब आहे, त्याच्या बुंध्याला लागून अंगणवाडी. कडुनिंबाची एक जाड फांदी बुंध्यापासून फाटली. पूर्ण तुटली नाही. सालीला आणि थोड्या लाकडाला धरून ती अंगणवाडीच्या भिंतीवर टेकून राहिली. पोरं घरी गेली होती, एवढं नशीब.

संध्याकाळी ठेकेदाराचा सुपरवायझर आला. पडलेली आणि धोकादायक झाडं काढायचं काम त्या ठेकेदाराकडे होतं. त्यानं खालून वर पाहिलं आणि खडूनं बुंध्यावर फुली मारली.

"ही फुली कशाची?" मी विचारलं.

"बुडापासून काढायचं मॅडम. उद्या."

"एक फांदी फाटली म्हणून अख्खं झाड? तुमचं बोट चिरलं तर डॉक्टर हात काढतो का?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही त्या पत्रकवाल्या ना? मी वाचलं तुमचं. चांगलं असते. पण मॅडम, फांदी काढायले माणूस वर चढवा लागते, वेळ जाते. शहरभर झाडं पडली आहेत. बुडापासून एका घंट्यात होते."

"म्हणजे तुमचा वेळ वाचावा म्हणून झाड जाणार."

"तुम्ही काढा न मंग फांदी," तो म्हणाला. वैतागला होता, पण माणूस वाईट नव्हता. "उद्या दुपारी मी इकडं येतो. तोवर लटकलेली फांदी खाली असन तर बाकीच्या झाडाले मी धोका म्हणत नाही. नाही तर मशीन लावतो."

गटातल्या पोरांना फोन केले. फलक तयार, घोषणा तयार, साखळी करून उभं राहायला सगळे तयार. चेनसॉ कोणाकडे नव्हती. झाडं वाचवणाऱ्यांकडे करवत नसते, हे पहिल्यांदाच मला चुकीचं वाटलं. शहरातले कापणारे एकही मोकळे नव्हते, ज्याला विचारावं तो म्हणे परवा. राहिले बाबा.

वळणापासून ओट्यापर्यंत चार पावलांचं अंतर. ते मला फार लांब गेलं.

बाबा पोत्यावरच बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मायाच्यानं हात वर होत नाही वं. खांदा जकडला आहे." आणि मग, माझ्याकडे नाही, दुसऱ्या पोत्याकडे पाहून विचारलं, "बेटा, तुले जमन का?"

मी समोर उभी होते. कडुनिंब माझा, पत्रक माझं, सुपरवायझरशी शब्द माझा. विचारलं तिला.

"तुम्ही खाली उभे राहा," वहिनी म्हणाली. "मंग जमते. पण बाबा, मशीन बंद पडून राहिली ना."

"पाहू."

सकाळी रंगाऱ्याची घोडी आणली. वहिनीनं दादाची जुनी पँट चढवली, पट्टा आवळला, बाह्या बटणं लावून बंद केल्या, डोक्यावर बाबांचं हेल्मेट. फांदीला दोर बांधून तो शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या खांबाला गुंडाळला, म्हणजे फांदी एकदम भिंतीवर बसणार नाही. गल्लीतल्या बायका ओट्याओट्यावर येऊन उभ्या. बाबा खाली, डोळ्यांवर हात धरून. मी पेट्रोलचा कॅन घेऊन.

हो, कॅन. बाबांनी कामं वाटली तेव्हा मला म्हणाले, "अवं, तू टाकीकडे पाय. पेट्रोल संपू देऊ नको." मी इतकी वर्षं मोर्चे काढले. मला कॅन.

मशीन लागली. वहिनीनं आधी बारीक फाटे उतरवले. भुसा उडाला, कडू वास सुटला. मग मोठ्या फांदीला पट्टी टेकवली आणि जरा आत गेली असेल, आवाज पातळ झाला, किंचाळला, आणि मशीन गप्प.

"आण खाली," बाबा म्हणाले.

खाली आणली. बाबांनी प्लग काढून फडक्यानं पुसला. वहिनीनं स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरचा स्क्रू हलकेच फिरवला. बाबा मला म्हणाले, "पेट्रोल पाय." पाहायला म्हणून मी टाकीचं झाकण फिरवलं. स्स् आवाज झाला. टाकी अर्धी भरलेली होती. झाकण लावलं. वहिनीनं दोरी ओढली, मशीन लागली.

"शाबास बेटा," बाबा म्हणाले. "स्क्रूच होता तो."

पुन्हा वर. पुन्हा थोडं कापलं, पुन्हा किंचाळली, पुन्हा गप्प. पुन्हा खाली. प्लग, स्क्रू, झाकण. स्स्. लागली.

"आता बसला स्क्रू बरोबर," बाबा म्हणाले.

मत्सरी माणूस श्रेयाचा हिशेब फार बारीक ठेवतो. त्या सकाळी माझं लक्ष मशीनकडे नव्हतं. शाबासकी कोणाला मिळते याकडे होतं. प्रत्येक वेळी तिघांनी काहीतरी केलं होतं. बाबांनी प्लग पुसला, तिनं स्क्रू फिरवला, मी झाकण उघडलं. शाबासकी मात्र स्क्रूला. मी ते दातात धरून उभी होते.

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा ऊन वर आलं होतं आणि बाबा घाईत होते. त्यांनी प्लग पुसला, तिनं स्क्रू फिरवला, मला कोणी काही सांगितलं नाही. वहिनीनं दोरी ओढली. लागली नाही. पुन्हा ओढली. नाही. तिच्या तळहाताला फोड आला होता, मला दिसत होता.

माझ्या डोक्यात आधी हेच आलं: बघा, यावेळी माझ्याशिवाय नाही लागली. हे मी रागानं मनात म्हटलं, आणि म्हटल्यावर ते खरंच असल्यासारखं वाटलं. मी पुढे गेले आणि झाकण उघडलं. स्स्. टाकीनं हवा आत ओढली, तहानलेल्यासारखी. झाकण लावलं.

"आता ओढा," मी म्हटलं.

पहिल्या ओढीला लागली.

"गार झाली असन," बाबा म्हणाले.

"गार नाही झाली. झाकण उघडलं म्हणून लागली."

"अवं, झाकणाचा काय संबंध? बाजूले हो, बेटाले वर जाऊ दे."

"बाबा, टाकीत हवा जात नाही आहे. पेट्रोल ओढून ओढून आत पोकळी होते, मग पेट्रोल येत नाही. मी उघडलं की हवा जाते. तीनदा झालं. स्क्रूनं काही होत नाही आहे."

वहिनीनं मशीन बंद केली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मान जरा वाकडी करून, जशी ती मशीनकडे पाहते तशी. "तुम्ही स्स् आवाज ऐकला, ताई?"

"दरवेळी."

"मले हेल्मेटीत काही ऐकू येत नाही," ती म्हणाली.

मी झाकण काढलं, ओढणीनं पुसलं, तोंडाला लावलं. पेट्रोलची चव. झाकणाच्या मधोमध हवा जायला टाचणीएवढं भोक असतं, ते मी तेव्हाच पाहिलं. फुंकलं. गाल फुगले, हवा गेली नाही. बाबांच्या हातात दिलं. "तुम्ही फुंका."

बाबांनी फुंकलं. मग उलटं करून उन्हात धरलं. मग माझ्या ओढणीची पिन मागितली. भोकात पिन घालून त्यांनी फिरवली आणि बाहेर काढली. पिनेच्या टोकाला भुसा आणि तेलाचा कडक गोळा होता. लाल.

शेंदूर.

मला क्षणात सगळं दिसलं. पाट, आपट्याचं पान, अंगठा, टाकीवरचा टिळा. दसऱ्याला मी जे म्हटलं होतं ते शब्दाशब्दानं खरं होऊन पिनेच्या टोकावर उभं होतं. इतका चोख पुरावा मला कुठल्या सभेत मिळाला नव्हता. आणि गल्ली समोर उभी. वहिनीचा चेहरा उतरला. तिलाही दिसलं होतं.

मी तोंड उघडलं. त्याआधी बाबा बोलले.

"दसऱ्याले मीच लावलं असन," ते म्हणाले. पिन शर्टाला पुसली. "आठवण नाही राहिली."

बाबांनी जन्मात कशाला शेंदूर लावला नाही. तिथं उभ्या आम्हा तिघांनाही ते माहीत होतं. ते माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांत पाहत खोटं बोलले, तिच्यासाठी. माझ्यासाठी ते कधी खोटं बोलले नव्हते. शाळेत मी बाईंशी वाद घातला तेव्हाही, "हिचीच चूक असन" म्हणून आले होते. मी जळले. झाकण मी शोधलं, बाजू तिची घेतली.

मी काय बोलले असते ते मला माहीत आहे. चांगलं नसतं ते. पण वळणावर ठेकेदाराचा टेम्पो लागला आणि सुपरवायझर उतरला, मागे दोन माणसं, एकाच्या खांद्यावर कोरी नवी मशीन.

"काय मॅडम, लटकूनच आहे ना?"

"अजून दुपार झाली नाही," मी म्हटलं.

"तुमची मशीन तर बंद दिसून राहिली."

"बंद पडली नाही. बंद केली आहे. दोन्हीत फरक असतो." मी त्याच्या आणि बुंध्याच्या मधे जाऊन उभी राहिले. हे मला येतं. "तुम्ही शब्द दिला दुपारचा. या सगळ्या बायकांसमोर दिला. काल सकाळपर्यंत त्यांची पोरं या सावलीत खेळत होती. तुम्हाला घाई असेल तर बसा, पाणी आणते. पण फुली मारलेल्या झाडाला दुपारच्या आत हात लावला तर मी बुंध्याला पाठ लावून बसेन, आणि मला उचलायला तुम्हाला दुसरी मशीन लागेल."

एक बाई ओट्यावरून म्हणाली, "उचलूनच पाहा म्हणावं हिले. तोंड बंद नाही होणार."

सुपरवायझर हसला आणि टेम्पोच्या सावलीत टेकला. "बसतो. पाणी आणा."

पाठीमागे बाबा झाकणातून फुंकत होते. आता हवा जात होती. वहिनी कॅनजवळ आली, हेल्मेटचा पट्टा लावायला माझ्याकडे मान पुढे केली. मी लावला. ती हळूच म्हणाली, "बाबा खोटं बोलले."

"माहीत आहे."

"तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"आधी फांदी पाडा," मी म्हटलं. पट्टा जरा जास्तच आवळला गेला.

ती घोडीवर चढली. दोरी ओढली. मशीन लागली आणि या वेळी आवाज पातळ झाला नाही. जाड, भरल्या गळ्याचा, एकसारखा. मीही तो ओळखला, मला कोणी शिकवला नव्हता तरी. बाबा खालून हातानं खुणा करत होते, वरून थोडं, आता खालून, आता थांब. फांदी करकरली. दोर ताणला. वहिनी मागे सरली, बाबा ओरडले, "सोड," आणि खांबाशी दोर धरलेल्या आम्ही सगळ्यांनी तो ढिला सोडला. फांदी भिंतीला घासत, पानं झाडत, अंगणवाडीच्या दारात येऊन बसली. भिंतीचा थोडा गिलावा गेला. पत्रा शाबूत.

सुपरवायझर उठला. बुंध्याभोवती फिरला. काठीनं दोनदा ठोकलं, वर जिथं कापलं होतं तिकडे पाहिलं. मग चपलेनं फुली पुसली. ती पूर्ण गेली नाही, पण त्यानं पुसली. "राहू द्या," तो आपल्या माणसांना म्हणाला. आणि मग, "कोणी कापलं?"

"मायी सून," बाबा म्हणाले.

बायका ओट्यांवरून उतरल्या. वहिनीभोवती गोळा झाल्या. कोणी तिच्या हाताचा फोड पाहिला, कोणी हळद आणली. माझ्या गटातली पोरं फलक घेऊन तेव्हा पोचली, उशिरा, आणि पोचल्या पोचल्या मोबाइल काढून हेल्मेटमधल्या वहिनीचे फोटो घ्यायला लागली. एक पोरगी मला म्हणाली, "अगं, तुझी वहिनी भारी आहे. पुढच्या बैठकीला आण ना तिला. तिनंच बोलू दे." मी म्हटलं, आणते.

झाड उभं होतं. मला पाहिजे होतं तेच झालं होतं. मी वर पाहिलं, उरलेल्या फांद्यांमधून ऊन येत होतं, आणि मला आनंद झालाच. पण तो आनंद आणि ते जळणं एकाच जागी होतं, एकानं दुसऱ्याला बाहेर काढलं नाही. आमच्या पत्रकांत असं नसतं. तिथं मागणी मान्य झाली की खाली 'विजय' लिहितात.

अंगणवाडीचं दार मोकळं करायचं होतं. फांदीचे तुकडे करायला घेतले तर ती गोल असल्यानं हलत होती, पट्टी अडकत होती. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं.

"अवं, इकडे ये. वजन दे."

मी फांदीवर जाऊन बसले, दोन्ही पाय जमिनीला रोवून. वहिनीनं माझ्यापासून हातभर अंतरावर पट्टी टेकवली. भुसा माझ्या केसांत, मानेत, तोंडात. कडू. बाबा तिच्या पाठीशी उभे होते, चांगला हात तिच्या कोपराच्या मागे, लागलाच तर धरता यावा म्हणून.

मी टाकीकडे कान लावून बसले. आवाज पातळ झाला तर आधी मला कळणार होतं. मग बाबा म्हणाले असते, अवं, झाकण पाय. मी वाट पाहत होते.

एक तुकडा पडला, मी पुढे सरकले. दुसरा पडला, आणखी सरकले. मशीन बंद पडली नाही.